ऐरणीभोवतीचे हात

मराठीचे प्राध्यापक रविवारी सकाळी काय करत असतील, याविषयी लोकांच्या कल्पना ठरलेल्या असतात. उत्तरपत्रिका तपासत असतील, कुठल्यातरी स्मरणिकेसाठी लेख खरडत असतील, फार तर एखाद्या ग्रंथालयाच्या वर्धापनदिनी हारतुऱ्यांची वाट पाहत बसले असतील. आम्ही दोघे नवरा-बायको एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि गेली तीन वर्षे रविवारी नऊ ते अकरा या वेळात घरामागच्या अंगणात लोखंड तापवून ठोकतो. नऊच्या आधी नाही आणि अकरानंतर नाही, कारण शेजाऱ्यांशी तसा करार झालेला आहे. सोबत आमची नववीतली मुलगी असते. मुलीची आजी मागच्या दारात खुर्ची टाकून बसते आणि कुणाच्या अंगावर नायलॉनचे कापड तर नाही ना, एवढ्यावर करडी नजर ठेवते.

या उद्योगाविषयी लिहायचे आम्ही आजवर टाळले. छंदाविषयी लिहिताना माणूस हळूहळू स्वतःवर खूश होत जातो आणि वाचकाला ते फार लवकर कळते. आज लिहीत आहोत ते वेगळ्या कारणाने. घरात भट्टी आल्यावर आमच्यापुढे एक हिशेब येऊन पडला. साहित्य शिकवून आणि समाजशास्त्राची चार पुस्तके वाचूनही तो आम्ही कधी मांडला नव्हता. तो इथे मांडून पाहायचा आहे.

आधी साहित्याची यादी. तीही लहानच आहे. जीपच्या जुन्या ब्रेक ड्रमला खालून नळी जोडून केलेली भट्टी. हाताने फिरवायचा पंखा. कोळसा दोन प्रकारचा, एक दगडी आणि दुसरा लोणारी. दोन हातोडे, एक घण, तीन सांडश्या, छिन्नी, सुंबा, पाण्याची लोखंडी बादली आणि भंगारवाल्याकडून वजनावर आणलेली, एक कोपरा उडालेली ऐरण. परदेशी पुस्तके नवशिक्याला सर्रास सांगतात की ऐरण परवडत नसेल तर रेल्वेच्या रुळाचा तुकडा मिळवावा. आपल्याकडे रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ सालचा कायदा आहे आणि असा तुकडा कुठून आला हे सांगता आले नाही तर छंद भलताच महागात पडू शकतो. तेव्हा कोपरा उडालेली ऐरण बरी.

पहिली चूक जागेची झाली. आम्ही भट्टी मोकळ्या उन्हात मांडली होती. उन्हात लोखंडाचा रंग कळत नाही. तांबडे झाले आहे की नारिंगी, हे दिसेपर्यंत त्याच्या कडेने पांढऱ्या ठिणग्या उडू लागतात, म्हणजे लोखंड जळू लागते. लोहाराची जागा झाडाखाली किंवा अंधाऱ्या छपरात का असते, हा प्रश्न आम्हाला पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात पडला नव्हता. गरीब आहे म्हणून अंधारात बसतो, अशीच काहीतरी आमची समजूत असावी. दुसरी चूक अधिक बोलकी. आमच्यापैकी एकाने खाली पडलेला तुकडा सहज उचलला. तो लाल नव्हता, काळा होता. लोखंडाची लाली साधारण पाचशे अंशांच्या खाली मावळते. पण चारशे अंशांचे काळे लोखंडही तळहाताला तेवढ्याच निष्ठेने चिकटते. ज्यांच्याकडे आम्ही पुढे शिकायला गेलो ते मामा तो फोड पाहून म्हणाले, “लाल लोखंड सांगून भाजतं सर, काळं न सांगता.”

भाषेच्या माणसांना अशा ठिकाणी भाषेचा मोह आवरत नाही, म्हणून थोडे विषयांतर करतो. ‘प्रश्न ऐरणीवर आला’ हा वाक्प्रचार मराठी वर्तमानपत्रांतून रोज वाचायला मिळतो. पाण्याचा प्रश्न ऐरणीवर येतो, शिक्षकभरतीचा येतो, सीमाभागाचा तर आमच्या जन्माआधीपासून तिथेच आहे. ऐरणीवर आलेली वस्तू तिथे किती काळ राहते, हे आम्ही आता अनुभवाने सांगू शकतो. बोटाएवढ्या जाडीचा गज भट्टीतून काढला की आठ-दहा चांगले घाव बसेपर्यंत तो घावाला दाद देतो. मग रंग उतरतो आणि हातोडा उडू लागतो. तेवढ्यात काय ते करायचे, नाहीतर पुन्हा भट्टीत घालायचे. एका वेळच्या या तापण्याला आमचे मामा ‘ताव’ म्हणतात. साधा आकडा सहा तावांत झाला तर ते मान हलवतात, आम्हाला पंधरा लागतात. वीस वर्षे ऐरणीवर असलेला प्रश्न हा खरे तर थंड लोखंडावर घातलेला घाव असतो. आवाज मोठा, परिणाम शून्य.

‘तावून सुलाखून निघणे’ हे आम्ही वर्गात कित्येक वर्षे ‘कठोर परीक्षेतून जाणे’ एवढ्यावर उरकत होतो. त्यातला ताव कुठला आणि सुलाख म्हणजे काय, असे एकाही विद्यार्थ्याने विचारले नाही आणि विचारले नाही याचे आम्हाला हायसे वाटत असे. ‘पाणीदार’ शब्दाचेही तेच. ट्रकच्या जुन्या पाट्याचे पोलाद लोहचुंबकाला चिकटेनासे होईपर्यंत, म्हणजे साधारण ७७० अंशांच्या वर तापवून एकदम गार केले की ते काचेसारखे कडक होते आणि काचेसारखेच फुटते. मग त्याला पुन्हा हलकी आच द्यायची. घासून उजळलेल्या पृष्ठभागावर आधी गवताच्या काडीसारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा असे रंग सरकत येतात. विळ्याला कोणता रंग, छिन्नीला कोणता, हे ठरवून त्या क्षणी पाण्यात बुडवायचे. या सगळ्याला ‘पाणी देणे’ म्हणतात. पाणी कमी पडले तर धार मुडपते आणि जास्त झाले तर दाता उडतो. ‘पाणीदार डोळे’ असे लिहिणाऱ्या आमच्या कवींना आणि ते परीक्षेत विचारणाऱ्या आम्हाला यातले काहीही ठाऊक नसताना शब्द मात्र व्यवस्थित चालत राहिला. शब्द असे उधारीवर फार काळ चालतात.

विषयांतर संपले. आता मामांकडे येतो.

आमच्या गावाच्या शिवेवर, बाजार समितीच्या भिंतीलगत, घिसाडी समाजाची पाच-सात घरे आहेत. हे मूळचे फिरते लोहार. महाराष्ट्रात त्यांची गणना भटक्या जमातींत होते. सुगीच्या आधी गावोगाव जाऊन पाल ठोकायचे, विळे-खुरपी पाजवायची, कुऱ्हाडी घडवायच्या आणि पुढच्या गावी जायचे, असे यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे जगणे. रस्त्याने जाता-येता हे दृश्य मराठी वाचकांपैकी बहुतेकांनी पाहिलेले असेल. पुरुष बसलेला असतो. डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात लहान हातोडा. समोर बाई उभी असते आणि तिच्या हातात घण. पुरुषाचा हातोडा जिथे टिचकी मारतो, तिथे पुढच्या क्षणी घण पडतो. पंख्याशी एखादे मूल असते. आम्हीही हे दृश्य शंभरदा पाहिले होते आणि शंभरही वेळा मनात ‘लोहार काम करतोय’ असे एकवचनी पुल्लिंगी वाक्यच उमटले होते.

वर्षभर पुस्तके आणि चित्रफिती पाहून हात पोळून घेतल्यावर आम्ही मामांना विचारले की रविवारी दोन तास घरी येऊन शिकवाल का. ते आधी हसले. मग म्हणाले, “सर लोकांनी कशाला हात काळे करायचे?” तरीही आले, आणि सोबत मावशीही आल्या. दोन तासांत त्यांनी आमच्या भट्टीची नळी बदलली, पंख्याची दिशा बदलली आणि आमच्या हातोड्याचा दांडा तर हातात घेऊन नुसताच परत ठेवला. निघताना आम्ही मामांच्या हातावर पैसे ठेवले. त्यांच्या पूर्ण दिवसाच्या कमाईपेक्षा कमी पडू नयेत याचा आम्ही आधी विचार केला होता आणि त्या विचाराबद्दल मनातून आमचे आम्हाला बरेही वाटत होते. मावशींनी पदराने कपाळ पुसले आणि सहज विचारले,

“आणि घणाचे?”

त्यात राग नव्हता, मागणीही नव्हती. बाजारात आपण भाजीवाल्याला ‘आणि कोथिंबिरीचे?’ म्हणतो, तितक्याच सरळपणे विचारलेला प्रश्न होता. आम्ही एका गुरूला बोलावले होते. आले दोघे होते. दोन तासांतले सगळे जड घाव मावशींनी घातले होते, आणि आमच्यापैकी जी बाई आहे तिला घण कमरेतून उचलायचा असतो, खांद्यातून नव्हे, हेही त्यांनीच शिकवले होते. आमच्या हिशेबात मात्र त्या मामांच्या सोबत आलेल्या होत्या.

हा हिशेब एकट्या आमचाच चुकलेला नाही, असे नंतर लक्षात येत गेले. बारा बलुतेदारांची नावे आपण शाळेत पाठ केलेली असतात. त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गाव-गाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून या व्यवस्थेचे मराठीत बारकाईने वर्णन आहे. शेतकऱ्याच्या खळ्यावरून लोहाराला बलुते मिळे ते लोहाराच्या नावे. भाता ओढणाऱ्या पोराचे आणि घण मारणाऱ्या बाईचे वेगळे माप कुठून असणार? भाषेनेही त्यात आपली भर घातली आहे. ‘लोहारीण’ हा शब्द मराठीत आहे, पण त्याचा रूढ अर्थ लोहाराची बायको. लोहारकाम करणारी बाई असा अर्थ हवा असेल तर आपल्याला पूर्ण वाक्य रचावे लागते. शिक्षिका, गायिका, लेखिका असे शब्द बाई जे काम करते त्यावरून होतात. लोहारीण, सुतारीण, कुंभारीण हे शब्द तिचे लग्न कुणाशी झाले ते सांगतात.

आणि जुनी गोष्ट म्हणून हे सोडून देता येत नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा पारंपरिक व्यवसायांत लोहार आहे. प्रशिक्षण आहे, प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये भत्ता आहे, हत्यारांसाठी १५,००० रुपयांचे साहाय्य आहे, पुढे सवलतीच्या व्याजाचे कर्ज आहे. योजना वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. कागदपत्रे जुळवून देण्याचे काम आम्हीच मामांसाठी केले. पण तिच्या नियमांत दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. व्यवसाय कौटुंबिक परंपरेचा हवा, आणि नोंदणी व लाभ कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले. एकाच घरात लाभ अनेकदा जाऊ नये म्हणून हा नियम असणार, हे समजते. शिंप्याच्या बाबतीत तो कदाचित चालूनही जाईल. ज्या कामात एकाने धरायचे आणि दुसऱ्याने मारायचे असते, एकट्याने जे होतच नाही, तिथे ती एक व्यक्ती कोण? अर्जावर आम्ही मामांचे नाव लिहिले. मावशींना विचारले नाही, कारण विचारण्यासारखे काही आहे असे त्या क्षणी आमच्याही मनात आले नाही. ‘आणि घणाचे?’ ऐकून तेव्हा सहा महिने झाले होते.

ज्या देशांत हौशी लोहारकाम खऱ्या अर्थाने फोफावले, तिथली गोष्ट वेगळी होती, ती का वेगळी हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत मोटारी आणि कारखाने आल्यावर गावचा लोहार विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ नाहीसा झाला. ॲलेक्स बीलर यांचे लोहारकलेवरचे पुस्तक १९६९ साली आले, आणि १९७३ मध्ये जॉर्जिया राज्यात आर्टिस्ट-ब्लॅकस्मिथ्स असोसिएशन ऑफ नॉर्थ अमेरिका ही संघटना उभी राहिली. ब्रिटनमध्ये तशीच संघटना १९७८ साली झाली. दोन्ही नावांत ‘लोहार’ या शब्दाआधी ‘कलाकार’ आहे. विझलेल्या भट्ट्या हौशी लोकांनी पुन्हा पेटवल्या, वडिलांनी मुलांना गॅरेजमध्ये आकडे आणि पाने घडवायला शिकवले, आणि २०१५ पासून तर पाती घडवण्याच्या स्पर्धेचा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर आला. यात चूक काहीच नाही. जे मेले होते ते हौसेने जिवंत केले गेले, आणि त्यात कुणाच्या पोटावर पाय येत नव्हता.

आपल्याकडे छंद येतो आहे तो लोहार मरायच्या आत. चित्रफितीत ओहायोतला कुणी निवृत्त इंजिनियर सांडशी कशी धरावी हे सांगत असतो आणि आम्ही ती पाहून कोळसा आणायला निघतो तेव्हा वाटेत तीच सांडशी धरून बसलेला माणूस आम्हाला दिसत नाही. पूर्ण एक वर्ष आम्ही असे त्यांच्यावरून गेलो. हे कबूल करताना लाज वाटते, पण या लेखाचे कारणच ते आहे. आमचे म्हणणे एवढेच की इथे ज्याला घरी भट्टी पेटवायची आहे, त्याने आधी शिवेवरच्या भट्टीपाशी जावे, शिकवणीचे पूर्ण पैसे द्यावेत, आणि देताना हात मोजावेत. उद्या शहरांतून ‘लोहारकामाचा अनुभव’ विकणारी शनिवार-रविवारची शिबिरे निघाली, तर त्यात प्रवेशशुल्क किती आणि त्यातले घणाला किती, हे विचारणारे कुणीतरी हवे.

आमचे एक सहकारी, ज्यांच्या मताचा आम्ही आदर करतो, यावर वेगळा आक्षेप घेतात. त्यांचे म्हणणे असे की पैसे दिल्याने प्रश्न मिटत नाही. तुमच्या दोघांच्याही घराण्यांत सात पिढ्यांत कुणी ऐरणीला हात लावला नव्हता, आणि आज लावता आहात तो उद्या काढून घेता येतो म्हणून. ज्याला हात काढून घेता येत नव्हता, त्याच्या कामाचा तुम्ही खेळ करता आहात. जातीने लादलेले काम सुटावे म्हणून ज्यांनी आयुष्ये घालवली, त्यांच्या नातवंडांसमोर तुम्ही तेच काम ‘मनाला शांती देते’ म्हणून करून दाखवणार?

या आक्षेपाला आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही. निम्मे आहे. मनाला शांती वगैरे आम्हाला तरी मिळत नाही. दोन तासांनी मनगट दुखते आणि नाकात काजळी असते. पण हातांनी काही करण्याची विद्या जन्मावर वाटली गेली, पुस्तक एकीकडे आणि घण दुसरीकडे असे झाले, यात पुस्तकाचेही नुकसान झाले असे आम्ही समजतो. ‘पाणीदार’ शिकवणाऱ्याला पाणी ठाऊक नसणे ही गंमत नाही, ते त्या वाटणीचे फळ आहे. वाटणी मोडायची तर दोन्ही बाजूंनी माणसे हलायला हवीत. मामांचा मुलगा आयटीआय करून औद्योगिक वसाहतीत वेल्डर झाला, तो त्याच्या बाजूने हलला. त्याच्या बायकोने घण हातात घ्यायला साफ नकार दिला, तीही हलली, आणि मावशी त्याबद्दल सुनेला एका शब्दाने बोलत नाहीत. आम्ही आमच्या बाजूने हललो तर त्याला नुसता खेळ म्हणू नये, असे आम्हाला वाटते. सहकारी म्हणतात की तुम्ही हललात त्याचे कौतुक होते, ते हलले त्याचे होत नाही. इथे आमचे उत्तर संपते.

कारण नेमके तेच आमच्या डोळ्यांसमोर घडले. शाळेच्या हस्तकला प्रदर्शनात आमच्या मुलीने स्वतः घडवलेला, मधे पीळ दिलेला एक आकडा ठेवला होता. पाहुणे आले, शिक्षक आले, सगळ्यांनी तो हातात घेऊन पाहिला. मुलगी असून लोखंडकाम, याचे तर विशेष कौतुक झाले. वास्तविक आपल्या रस्त्यांवर घण बाईच्याच हातात असतो, हे त्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेले होते. मामांची नात त्याच शाळेत, एक इयत्ता मागे आहे. ती शेजारच्या रांगोळीच्या टेबलापाशी उभी होती. त्या आकड्याच्या कानाला भोक पाडताना घणाचा घाव तिच्या आजीने घातला होता, आणि हे तिला ठाऊक होते, कारण त्या रविवारी आजीला बोलवायला तीच आमच्याकडे आली होती. ती काही बोलली नाही. शाळेत आजी-आजोबा काय करतात असे कुणी विचारले तर ती ‘बाजार समितीत असतात’ असे सांगते, हे आम्हाला आमच्या मुलीकडून नंतर कळले. पत्त्याच्या दृष्टीने ते खरेच आहे.

आमची मुलगी त्या दिवशी घरी येऊन गप्प बसली. मग म्हणाली की कार्डावर एकच नाव लिहायला जागा होती. आम्ही तिला समजावायला काहीतरी बोललो असू. ती आमच्याकडे पाहत राहिली, आणि अर्ज भरताना आम्हीही एकच नाव लिहिले होते याची आठवण तिने काढली नाही, हा तिचा मोठेपणा.

आपल्या परंपरेत ऐरणीभोवतीचे हे सहजीवन कुणी पाहिलेच नाही, असे नाही. भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’ या १९६५ सालच्या चित्रपटात लोहार नवरा-बायको आहेत आणि त्यांच्या भट्टीपाशी गायिलेले गाणे अजून मराठी माणसाच्या ओठांवर आहे. याच्या उलट लाँगफेलोची १८४० सालची गावच्या लोहारावरची प्रसिद्ध कविता घ्या. तिथला लोहार झाडाखाली एकटा आहे, बायको वारलेली आहे, मुलगी चर्चमध्ये गाते. एकट्या बलदंड पुरुषाचे ते चित्र पुढे हौशी लोहारांच्या कल्पनेत घट्ट बसले असावे, असा आमचा तर्क आहे. आपल्याकडच्या चित्रात दोघे आहेत, ही मोठी गोष्ट. मात्र ते गाणे आम्ही तल्लीन होऊन ऐकले, वर्गात त्याच्या प्रतिमासृष्टीवर बोललोही, आणि मजुरीच्या वेळी पैसे एकालाच दिले.

अंगणातली कामे आता आम्ही फिरवून करतो. सांडशी धरणे, घण मारणे, पंखा फिरवणे, राख काढणे. सुरुवातीला आपोआप नवऱ्याच्या हातात सांडशी आणि हातोडा, बायकोच्या हाती पंखा, असे झाले होते. आम्ही दोघेही स्त्रीवादी समीक्षा शिकवतो, हे जाता जाता नमूद करून ठेवतो. सर्वांत कंटाळवाणे काम पंख्याचे. वारा एकसारखा लागतो आणि फिरवणाऱ्याला घडणारी वस्तू धड दिसतही नाही. कुटुंबाला कला शिकवायची म्हणजे बहुतेकदा आपण मुलांना हातोडा देतो, त्यांचे छायाचित्र काढतो आणि पंखा आपल्याकडे ठेवतो. मामांच्या घरी मुलांच्या वाट्याला आधी वर्षानुवर्षे पंखाच येत असे. दोन्हींतले योग्य काय, हे आमचे अजून ठरलेले नाही. सध्या ज्याने आदल्या रविवारी आकडा केला त्याने पुढच्या रविवारी पंखा फिरवायचा, असा नियम आहे आणि आजी तो पाळायला लावते. मावशींना आम्ही त्यांचे पैसे त्यांच्या हातात देतो. त्या मोजून घेतात. मामांनी याबद्दल आजवर काही म्हटलेले नाही.

अमावास्येला ते भट्टी पेटवत नाहीत, म्हणून गेल्या महिन्यात अमावास्येच्या रविवारी दोघे आले नव्हते. आदल्या आठवड्यात राहिलेला डबा न्यायला नात आली होती. आमची मुलगी ऐरणीपाशी होती. तिने गज आधी वाकवला होता आणि आता त्या वाकलेल्या भागाला टोक काढायचा प्रयत्न चालला होता. हातोडा आत पोचत नव्हता. नातीने डबा घेतला, दारापर्यंत गेली, थांबली आणि मागे न येता तिथूनच म्हणाली,

“आधी टोक काढतात. मग वाकवतात.”

मुलीने गज पुन्हा भट्टीत घातला. सरळ करायला चार ताव लागले. तोपर्यंत नात दारात डबा धरून उभी होती, आणि पाचव्या तावाला पंखा कमी पडतोय असे तिने सांगितले.